चालत्या जीपचं मॉडेल

शिवऱ्याचा भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तुमची जीप शेडमध्येच उभी आहे. तो माणूस दोर, साखळी, दोन गडी असा सगळा लवाजमा घेऊन अंगणात आला तेव्हा मी ओटीवर बसून गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावत होते. सुई खोचली, उठले आणि जाऊन जीपमध्ये बसले. तुमच्या सीटवर, स्टिअरिंग धरून. विलासभाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, वयनी, खाली उतरा, लोकं बघत्यात. मी म्हटलं, बघू दे की, मी काय चोरी केलीय का? भंगारवाला बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्या भावाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, आधी घरात ठरवा आणि मग बोलवा. साखळी गोळा करून निघून गेला.

तुम्ही असता तर चप्पल शोधत मागच्या दारानं सटकला असता. एवढ्या मिश्या, एवढा आवाज, वरंध घाटात समोरच्या ट्रकवाल्याशी बाचाबाची करणारा माणूस, पण चारचौघांत बायको बोलायला लागली की तुम्हाला अचानक कुणाकडं तरी जायचं आठवायचं. आता कुठं जाल? आता ऐकावंच लागेल. आणि मधेच ‘हं, हं’ करून मान डोलवायची नाही, कारण मला माहीत आहे, तेव्हा तुम्ही मनात कुठल्या तरी गाडीचं बंपर मोजत असायचात.

तुमचं हे गाड्यांची छोटी मॉडेलं करायचं वेड मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत कळलं. माझी नवी हवाई चप्पल दिसेना. घरभर शोधली. संध्याकाळी बघते तर तुम्ही पाटावर बसून तिच्या तळव्यातनं गोल गोल चकत्या कापत होता. टायर करायचे होते. मी भांडायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, हिचं रबर लई झ्याक हाय. चप्पल माझी होती आणि कौतुक रबराचं झालं. आपल्या संसाराचा नमुना त्याच दिवशी दिसला होता मला.

दिवसभर हिर्डोशी ते भोर जीपनं वडाप करायचं, एसटी चुकलेल्यांना कोंबून न्यायचं-आणायचं, आणि संध्याकाळी हात साबणानं दोनदा धुऊन फळीसमोर बसायचं. पीव्हीसीचा पाइप शेगडीवर शेकून सपाट करायचा, त्याचा पत्रा. छत्रीच्या काड्या, त्याचा कॅरिअर. संपलेल्या रिफिलीचे सायलेन्सर. भोरच्या दवाखान्यातनं टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म मागून आणायच्या, ब्लीचिंगच्या पाण्यात घासून साफ करायच्या, की झाल्या खिडक्यांच्या काचा. मापाला माझी शिवणाची टेप. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे आपल्या गाडीचे सहा सूत, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुम्ही मला इतक्यांदा शिकवलंत की ब्लाऊजचं माप घेतानाही माझ्या तोंडात सूत यायचं.

बाहेरची बॉडी तुमची, आतलं सगळं माझं. तुमची बोटं राठ, त्यांना सुई दिसायचीसुद्धा नाही. गाडी उभी राहिली की तुम्ही ती माझ्यासमोर सरकवायचात आणि म्हणायचात, आता तुझं. मग मी सीटा शिवायच्या, आरशाला लटकणारी माळ ओवायची, ताडपत्रीचे दोर वळायचे, मागच्या फाळक्यावर नाव रंगवायचं. बघायला आलेली माणसं तुम्हाला म्हणायची, काय हात हाय गड्या तुझा. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. मी चहा घेऊन यायची. आज सांगते, मला ते खुपायचं. माझ्यासमोर एकदा तरी कुणाला म्हणाला असता की सीटा हिनं शिवल्यात, तर तुमच्या मिशीचा एक केस गळून पडला नसता.

तरीपण त्या फळीसमोरच्या संध्याकाळी मला दुसऱ्या कशाशी बदलायच्या नाहीत. वेल्ह्याच्या दुधाच्या टेम्पोच्या वेळी आपण दोघं कॅनच्या कडेला सांडून वाळलेलं दूध कसलं दिसतं यावरून भांडलो होतो. तुम्ही पांढरा रंग घेतलात, मी म्हटलं वाळलेलं दूध पिवळं पडतं, रोज भांडी घासणारीला विचारा. तुम्ही गुपचूप पिवळा कालवलात. मुक्कामी यायची ती लाल एसटी केली तेव्हा तर तुम्ही मला खिडकीच्या गजाखाली पान थुंकल्याचे डाग रंगवायला लावलेत. मी म्हटलं हे नाही करणार, किळस येते. तुम्ही म्हणालात, मग ती आपली एसटी न्हवंच. शेवटी केले मी डाग. आणि खोटं कशाला बोलू, ते डाग बघूनच सगळी माणसं ओळखायची, ही आपली मुक्कामी गाडी म्हणून.

आणि तुमची ती पद्धत. मॉडेल झालं की मूळ गाडीच्या मालकाला किंवा ड्रायव्हरला घरी बोलवायचं, चहा द्यायचा आणि म्हणायचं, खोट काढा. त्यानं एक तरी खोट काढून ती दुरुस्त झाल्याशिवाय गाडी फळीवर चढायची नाही. कुणी भिडेखातर सगळं झकास म्हटलं तर तुमचं तोंड उतरायचं. आंबवड्याच्या वरातीच्या गाडीचा म्हातारा ड्रायव्हर आला होता, आठवतं? गाडी हातात घेऊन एकेक दार बोटानं चाचपत बसला. मग म्हणाला, मागचं डावं दार उघडत न्हवतं, सुतळीनं बांधलेलं असायचं, नवरी कायम उजवीकडनंच उतरायची. तुम्ही तिथल्या तिथं माझ्याकडे सुतळीचा एक पदर मागितलात. म्हातारा जाताना डोळे पुसत गेला आणि तुम्ही त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्यात.

पण ह्या सगळ्या गाड्या मेलेल्या. तुमचा नियमच तसा. जी गाडी भंगारात गेली तिचंच मॉडेल करायचं, चालत्या गाडीचं नाही. चालत्या गाडीचं केलं तर ती गाडी जास्त दिवस टिकत नाही, असं तुमच्या डोक्यात बसलं होतं. सर्वपित्रीला तुम्ही फळीवरच्या गाड्यांची धूळ पुसून त्यांच्यासमोर चमचाभर खीर ठेवायचात आणि बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या, काय गं, तुमच्यात टेम्पोचंबी श्राद्ध घालत्यात व्हय? मी म्हणायची, घालतात, आणि टेम्पो कधी तुमच्या नवऱ्यासारखं मीठ कमी म्हणत नाही.

नियम कशावरनं आला ते सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. सुभाना तुमचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याचा तीनचाकी टेम्पो. भाताची पोती वाहायचा. हौसेनं तुम्ही त्याच्या चालत्या टेम्पोचं मॉडेल केलंत, तुमचं पहिलंवहिलं. त्याला दाखवलंत, तो खूश. आणि त्याच महिन्यात घाटाच्या पायथ्याला टेम्पो उलटला आणि सुभानाभाऊजींच्या पायाचा चेंदामेंदा झाला. तेव्हापासून ते लंगडतात. तुम्ही ते मॉडेल फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंत, परत कधी उघडलं नाहीत. आणि रोज संध्याकाळी वडापची शेवटची फेरी झाली की वरच्या वाडीत त्यांच्या घरी जायला लागलात. बायको नाही, पोर नाही, एकटा माणूस. तुम्ही त्यांना भाकरी नेऊन द्यायचात, भोरला न्यायचात, आणायचात. कुणी विचारलं तर म्हणायचात, माझ्या हातानं झालंय.

मी तुम्हाला तेव्हाही म्हटलं होतं आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले, की हे सगळं खुळ्यासारखं आहे. टेम्पो रबराच्या चकत्यांनी उलटत नाही. आपण किती भांडलो यावरून. मी म्हणायची, आपल्या जीपचं मॉडेल करा. जिनं आपल्याला खायला घातलं, जिच्यात आपली पोरगी जन्मता जन्मता राहिली, तिचं करायचं नाही आणि वेल्ह्याच्या दुधाच्या टेम्पोचं करायचं, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणायचात, ती भंगारात गेली की करतो. मी म्हणायची, म्हणजे मेल्याशिवाय तुम्ही कुणाचं कौतुकच करणार नाही का? माझंही मी गेल्यावरच कराल? तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, तुझं माडेल करायला एवढी सुतं कुठनं आणू. विषय टाळायला तुम्ही पक्के. ते भांडण तसंच राहिलं. ते पुरं न करता तुम्ही गेलात, याचा मला अजून राग आहे.

आणि गेलात ते काय बोलून गेलात? भोरच्या दवाखान्यात तुमच्या छातीत पाणी झालेलं, श्वास लागलेला, डॉक्टर पुण्याला न्या म्हणतोय, गाडी यायची वाट बघतोय सगळे. मी उशाशी बसलेली. तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तुम्ही म्हणालात, "जिपडं रोज चालू करतीस ना? बॅटरी बसंल."

मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

एवढं आयुष्य बरोबर काढलं आणि शेवटचं वाक्य बॅटरीवर. आठवलं की अजून संताप होतो, आणि तोंडावर पदर घेऊन हसूही येतं. पण मी जीप रोज चालू केली. तुम्हाला घरी आणलं त्या सकाळीसुद्धा. बायका म्हणाल्या, हिला वेड लागलं. लागू दे. तुम्ही मला काम सांगून गेला होता.

दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर रांग लावून बसले होते, पण एकही खाली यायला तयार नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. विलासभाऊजी पुढं झाले, हात जोडून म्हणाले, दादा, वयनीला अंतर देणार न्हाई. काही नाही. म्हणाले, पोरीचं माहेरपण आमी करू. काही नाही. कुणी तुमची आवडती भजी मागवली, कुणी बिडी पेटवून ठेवली. मग सुभानाभाऊजी काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, अंकुश, तुझ्या जिपड्याचं माडेल करून फळीवर ठिवू, जा आता. आणि कावळा आला.

सगळे म्हणाले, बघा, जीव जिपड्यात अडकला होता. माझ्या मते त्या कावळ्याला भजी दिसली होती. पण तिथं बोलायची जागा नव्हती.

घोळ पुढं झाला. तुमचा नियम सगळ्यांना पाठ. मॉडेल करायचं कबूल केलं म्हणजे जीप भंगारात जाणार, आणि दादानंच तशी परवानगी दिली, असा सरळ हिशोब भावकीनं मांडला. विलासभाऊजींना वाईट म्हणत नाही. त्यांनी नवी पिकअप घेतली आहे, ती उन्हापावसात बाहेर उभी असते आणि शेड एकच. त्यांच्या मनात काळं नाही, त्यांना फक्त जागा पाहिजे. पण भंगारवाला परत गेला त्या दिवशी ते माझ्यासमोर बसून म्हणाले, "वयनी, मेलेल्या माणसाला दिलेला शबूद हाय. माडेल न्हाई केलं तर दादा तळमळत ऱ्हाईल. आन् केलं तर जिपडं ठिवता येत न्हाई, तुमाला काय झालं तर मी कुणाला तोंड दावू?"

म्हणजे बघा. मॉडेल नाही केलं तर तुमचा जीव अडकणार, केलं तर माझी जीप जाणार. इकडूनही तुमचं नाव, तिकडूनही तुमचंच. मी त्यांना म्हटलं, मॉडेल मी करणार आणि जीपही ठेवणार. ते म्हणाले, दादाचा नियम? मी म्हटलं, दादाचा नियम दादाबरोबर जळला. भाऊजींनी कानाला हात लावले आणि उठून गेले. मला बोलल्याचं बरं वाटलं. नंतर मोरीत जाऊन रडले, तेही सांगते, लपवायचं काय तुमच्यापासून.

मग बसले कामाला. तुमच्या पाटावर. पहिल्यांदा बॉडी माझी. पाइप शेकताना बोट भाजलं, तुमचंही नेहमी तेच बोट भाजायचं. बॉनेट तीनदा चुकलं. शेडमध्ये जाऊन टेप लावायची, परत येऊन सूत काढायचं, परत जायचं. एवढी वर्षं त्या जीपमध्ये बसले पण मला माहीत नव्हतं की तिचा डावा मडगार्ड उजव्यापेक्षा खाली आहे. तुम्हाला माहीत असणार. आणि एक सांगते, तुमच्या सगळ्या गाड्यांचे पुढचे दिवे मापापेक्षा मोठे आहेत. मी मोजले. सगळ्यांचे. तुम्हाला मोठे दिवे आवडायचे म्हणून तुम्ही माप ढिलं सोडायचात आणि मला पान थुंकल्याच्या डागावरनं ऐकवायचात. मी माझ्या जीपचे दिवे बरोब्बर मापात केले.

काचांना फिल्म नव्हती. कपाटात तुमच्या कागदांत तुमचा एक्स-रे होता, भोरच्या दवाखान्यातला. पोरगी म्हणाली, आई, तो नको, मी दुसरी फिल्म आणून देते. मी म्हटलं, का नको? ज्या छातीनं आयुष्यभर त्या काचेमागे बसून धूळ खाल्ली तिलाच तिथं लावते. ब्लीचिंगच्या पाण्यात टाकला आणि घासायला लागले. आधी तुमच्या बरगड्या पुसट झाल्या, मग ते पांढरं पाणी गेलं, ज्यानं तुम्हाला नेलं. त्याला जरा जोरात घासलं मी. शेवटी स्वच्छ, निळसर काच राहिली. पोरगी दारात उभी राहून रडत होती, मी मात्र त्या दिवशी रडले नाही. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा काही तरी माझ्या हातानं जिंकल्यासारखं वाटलं.

आणि इकडं जीपही बाहेर काढली. लायसन माझं आहेच, तुमच्याच हट्टानं काढलेलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की त्या भेगाळलेल्या मोकळ्या तळात तुम्ही मला गाडी शिकवायचात, आणि क्लच सोडताना गचका बसला की स्वतःचं डोकं धरायचात. तेव्हा म्हणायचात, शिकून ठेव, माझं काय सांगता येतंय. मी म्हणायची, शुभ बोला. बरं झालं शिकले.

पहिल्या दिवशी स्टँडवर जीप लावली तर माणसं दात कोरत उभी. आत बसलेले दोघं मला बघून खाली उतरले, त्यांना अचानक एसटीनंच जायचं आठवलं. एसटी येईपर्यंत त्यांना उन्हात उभं राहावं लागलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. मग वरच्या आळीची धोंडाई आली, पदरात भाकरी बांधून. म्हणाली, चल गं, मला डोळे दावायला जायचंय, तुझं तोंड आजून दिसतंय तवर चल. तिच्या मागून बाजाराच्या बायका चढल्या. गाडी भरली. घाटरस्त्याच्या पहिल्या वळणावर सगळ्या गप्प झाल्या, वळण गेलं तशा बोलायला लागल्या, आणि भोर येईपर्यंत त्यांनी माझ्या कानाशी एवढा कलकलाट केला की तुमच्या काळात कधी झाला नसेल. त्यानंतर रोज जाते. एक फेरी सकाळी, एक दुपारी. विलासभाऊजी रोज माझी गाडी अंगणात येईपर्यंत दारात उभे असतात. आली की आत जातात. शेडवर त्यांच्या पिकअपसाठी पुढं पत्रा वाढवायचं मीच सुचवलं. परवा खांब रोवले.

मॉडेल झालं. आता तुमची पद्धत. खोट काढायला कुणाला बोलवायचं? मालक तर तुम्ही. विचार करून करून सुभानाभाऊजींना बोलावलं, तुमच्यानंतर त्या जीपमध्ये सगळ्यात जास्त बसलेला माणूस तोच. चहा दिला, मॉडेल समोर ठेवलं आणि म्हटलं, खोट काढा. ते हात लावेनात. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मला वाटलं, तुमच्या नियमाला भीत असतील. मी म्हटलं, भाऊजी, गाडी खाली शेडमध्ये आहे, आत्ताच भोरहून आले, मला काही झालेलं नाही.

ते म्हणाले, "वयनी, बिरेक आधीपासनंच लागत न्हवतं. मला ठावं हुतं."

मला आधी कळलंच नाही कशाचं बोलतात. मग कळलं. त्यांच्या टेम्पोचं. मॉडेल करायच्याही आधीपासून ब्रेक गेलेले होते आणि तो माणूस तसाच पोती भरून घाट उतरत होता.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं त्यांना सांगितलं का नाही? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर अंकुश रोज आला असता व्हय?"

मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. खरंच घेतला. एवढा संताप आला होता मला. एका माणसाला आयुष्यभर गुन्हेगार करून ठेवलं, त्याच्या आवडत्या गोष्टीवर काळी सावली पाडली, का, तर संध्याकाळी कुणी तरी बोलायला यावं म्हणून. कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आणि मग मला तुम्ही दिसायला लागलात, वरच्या वाडीवरून उतरताना. गुणगुणत यायचात तुम्ही. अपराधी माणूस गुणगुणत येतो का? तुम्हालाही ते रोजचं जाणं हवं होतं. कदाचित तुम्हाला ब्रेकचं माहीतसुद्धा असेल. तुम्ही गाड्यांतला माणूस, तुम्हाला कळलं नसेल असं कसं होईल? तेव्हा हे आता तुम्ही दोघं वर भेटाल तेव्हा मिटवा, मी मधे पडणार नाही. मी चहा परत गरम केला आणि त्यांना नेऊन दिला. आणि म्हटलं, उद्यापासून संध्याकाळी तुम्ही इकडं यायचं, भाकरी इथं खायची, आणि आता खोट काढा, मला स्वयंपाक आहे.

तेव्हा त्यांनी मॉडेल उचललं. काचेतनं आत पाहिलं, चाकं फिरवली, खालून पाहिलं, मडगार्डवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे अंकुशचं जिपडं झालं. आताच्या जिपड्यात डायवरच्या पाठीला उशी असती."

खरं होतं. माझे पाय क्लचपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून मी तुमच्या खाकी शर्टाची उशी शिवून सीटवर पाठीमागे लावते. रोज लावते, रोज टेकते, आणि मॉडेल करताना ती माझ्या डोळ्यांना दिसलीच नाही. मी तुमच्या वेळची सीट केली होती. तुमच्या अंगानं दबलेली, रिकामी.

त्या शर्टाचा तुकडा उरला होता. त्याची नखाएवढी उशी शिवली, आत कापूस भरला, चिमट्यानं धरून सीटवर बसवली आणि गाडी फळीवर ठेवली. खाली शेडमध्ये खरी उभी आहे, वर फळीवर ही. दोन्ही एकाच वेळी आहेत आणि दोन्हींत ड्रायव्हर मी आहे. तुमचा नियम मोडला, नदीकाठी दिलेला शब्द पाळला, कावळ्याचं जे काय असेल ते त्याचं तो बघेल. उद्या सकाळी धोंडाईला चष्मा आणायला न्यायचंय.

आता त्या सीटवरून मला कुणी उठवू शकत नाही. तुम्ही आलात तरच उठेन.